एनसीव्ही-ईएमजी नीट करायची तर: चिठ्ठीपासून रिपोर्टपर्यंत

‘एनसीव्ही, दोन्ही हात दोन्ही पाय’ एवढंच लिहिलेली चिठ्ठी घेऊन रुग्ण येतो. तंत्रज्ञ आठ-दहा नसांना करंट देतो, मशीन आकडे छापतं आणि खाली ‘क्लिनिकली कोरिलेट करा’ असं लिहून कागद परत जातो. पैसे गेले, शॉक सोसले आणि हाताला मुंग्या का येतात हे कुणालाच कळलं नाही. नर्व्ह कंडक्शन (एनसीव्ही, म्हणजे नसेतून करंट किती वेगानं जातो याची तपासणी) आणि सुईची ईएमजी (स्नायूतल्या विजेची तपासणी) ही हातानं केलेल्या तपासणीचीच पुढची पायरी आहे. ताकद, रिफ्लेक्स, संवेदना पाहून मनात एक प्रश्न तयार होतो. त्या प्रश्नाचं उत्तर आकड्यांत मिळवायचं असतं. प्रश्नच नसेल तर चांगल्यातलं चांगलं मशीनही काही सांगत नाही.

हा लेख लॅबमध्ये नव्यानं काम सुरू करणारे तंत्रज्ञ, मेडिसिन-न्यूरॉलॉजी-फिजिओथेरपीचे विद्यार्थी आणि रुग्ण पाठवणारे डॉक्टर यांच्यासाठी आहे.

चिठ्ठीवर काय हवं

तक्रार काय, कोणत्या बाजूला, आणि ती सुरू झाल्याची तारीख. ‘बरेच दिवस’ चालत नाही. त्याचं कारण पुढे येईलच. मधुमेह, थायरॉइड, दारू, टीबीची औषधं (आयसोनियाझिड), केमोथेरपी यांपैकी काही असेल तर ते लिहावं. पेसमेकर आहे का, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, आणि पाठवणाऱ्याला संशय कसला आहे, हेही हवं.

चिठ्ठी कितीही चांगली असली तरी इलेक्ट्रोड चिकटवण्याआधी पाच मिनिटं रुग्णाला हात लावून पाहावं. अंगठा तळहातापासून वर उचलायची ताकद, करंगळी बाजूला नेण्याची ताकद, पाऊल वर उचलणं, पाऊल आत वळवणं, घोट्याचा रिफ्लेक्स. कोपराच्या आतल्या बाजूला अल्नार नस (करंगळीकडे जाणारी) आणि गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला, फिब्युला हाडाच्या मानेवर पेरोनियल नस चाचपून ती जाड लागते का हे पाहावं. अंगावर फिकट, बधिर चट्टा आहे का हे विचारावं. कोणत्या नसा तपासायच्या हे याच पाच मिनिटांत ठरतं.

किती दिवसांनी करायची

चुकीच्या दिवशी केलेली तपासणी ‘नॉर्मल’ येते आणि तो नॉर्मल रिपोर्ट फाइलमध्ये वर्षानुवर्षं दिशाभूल करत राहतो. अपघातात नस पूर्ण तुटली तरी तुटल्या जागेच्या पुढचा तुकडा काही दिवस करंट वाहून नेतो. स्नायूवरून मिळणारा मोटर प्रतिसाद तिसऱ्या ते पाचव्या दिवसापासून घसरू लागतो आणि आठवड्याभरात मावळतो. संवेदनेचा प्रतिसाद आणखी काही दिवस टिकतो, दहा-अकराव्या दिवसापर्यंत. सुईनं दिसणारी फिब्रिलेशन्स (नस गमावलेल्या स्नायूतंतूंची आपोआप होणारी थरथर) त्याहून उशिरा येतात: मणक्यालगतच्या स्नायूंत साधारण १०-१४ दिवसांत, पायाच्या खालच्या स्नायूंत ३-४ आठवड्यांनी.

म्हणून सायटिकाचा किंवा नस दबल्याचा रुग्ण चौथ्या दिवशी आला तर त्याला ३ आठवड्यांनंतरची तारीख द्यावी. अपवाद दोन. जखमेत नस तुटली की फक्त बधिर झाली हे ठरवायचं असेल, तर पहिल्या आठवड्यात एकदा आणि ३-४ आठवड्यांनी पुन्हा, अशी दोनदा तपासणी करावी. आणि गियाँ-बारेचा (प्रतिकारशक्तीच नसांवर हल्ला करून झपाट्यानं लुळेपणा आणणारा आजार) संशय असेल तर वाट पाहायची नाही, त्याच दिवशी करायची.

रुग्णाची तयारी

तपासणीला उपाशी यायची गरज नाही. अंघोळ करून यावं, हातापायाला तेल, क्रीम, व्हॅसलीन काहीही लावू नये. तेलकट कातडीवर इलेक्ट्रोड नीट टेकत नाही, आणि पट्टीही सुटते. अंगठ्या, बांगड्या, पैंजण काढून ठेवावेत.

मायस्थेनियाच्या (वापरताना स्नायू लवकर थकण्याच्या आजाराच्या) संशयानं रिपिटेटिव्ह (लागोपाठ करंट देऊन केलेली) तपासणी करायची असेल तर पायरिडोस्टिग्मिनची गोळी निदान १२ तास बंद ठेवावी लागते. मात्र श्वासाचा किंवा गिळण्याचा त्रास असलेल्या रुग्णानं ती स्वतःच्या मनानं बंद करायची नाही. हा निर्णय त्याच्या डॉक्टरांचाच.

कायमस्वरूपी बसवलेला पेसमेकर असेल तर हातापायाची नेहमीची एनसीव्ही करता येते, फक्त पेसमेकरच्या जवळ, म्हणजे मानेच्या मुळाशी आणि काखेत, करंट देणं टाळावं. शरीराबाहेर तारा आलेला तात्पुरता पेसमेकर असेल तर करंट द्यायचाच नाही, कारण ती तार थेट हृदयापर्यंत गेलेली असते. आयसीयूत सेंट्रल लाइन असलेल्या बाजूला खांद्याजवळ करंट देऊ नये.

तापमान: सगळ्यात जास्त चुका इथे होतात

लॅबमध्ये एसी चालू असतो, रुग्ण अर्धा तास बाहेर बसलेला असतो, हात गार पडलेले असतात. गार नसेत वेग दर अंश सेल्सिअसला सुमारे १.५ ते २.५ मीटर प्रति सेकंद कमी होतो आणि मनगटापाशी लेटन्सी (करंट दिल्यापासून तरंग उमटेपर्यंतचा वेळ) दर अंशाला अंदाजे ०.२ मिलिसेकंदानं वाढते. हाताचं तापमान ३२ ऐवजी २८ असेल तर लेटन्सी ०.८ मिलिसेकंदानं लांबते. एवढा फरक धडधाकट हातावर ‘कार्पल टनेल’चा (मनगटात मीडियन नस दबल्याचा) शिक्का मारायला पुरेसा आहे. अशा शिक्क्यावर कुणाच्या मनगटाचं ऑपरेशन होऊ शकतं.

कातडीचं तापमान मोजायचा थर्मामीटर लॅबमध्ये हवाच. हात ३२ अंशांच्या वर, पाय ३० च्या वर असावेत. कमी असतील तर हातपाय कोमट पाण्यात दहा मिनिटं बुडवून नीट पुसून घ्यावेत, किंवा गरम पाण्याची पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवावी. मधुमेही रुग्णाच्या पायाला चटका कळत नाही, तिथे पाण्याची ऊब आधी आपल्या हातानं पाहावी. गणिती सूत्रानं तापमान दुरुस्त करायची सोय मशीनमध्ये असते, पण आजारी नसेला ते सूत्र नीट लागू पडत नाही. हात गरम करणंच खरं.

ओळखायची एक खूण आहे. गारठ्यानं वेग कमी होतो पण तरंगाची उंची वाढते. वेग मंद आणि उंची भरपूर असं चित्र दिसलं की आधी थर्मामीटर लावावा.

मशीनची मांडणी

मोटरसाठी (स्नायूकडे जाणाऱ्या धाग्यांसाठी) फिल्टर २ किंवा १० हर्ट्झ ते १० किलोहर्ट्झ, दर घराला (पडद्यावरच्या एका चौकोनाला) २ ते ५ मिलिव्होल्ट, स्वीप २ ते ५ मिलिसेकंद, करंटचा कालावधी ०.२ मिलिसेकंद. सेन्सरीसाठी (संवेदनेच्या धाग्यांसाठी) फिल्टर २० हर्ट्झ ते २ किलोहर्ट्झ, दर घराला १० ते २० मायक्रोव्होल्ट, स्वीप १ ते २ मिलिसेकंद, कालावधी ०.१ मिलिसेकंद. सेन्सरी तरंग मोटरच्या मानानं शेकडो पटींनी लहान असतो, त्यामुळे ५० हर्ट्झची वीज लगेच त्यात घुसते. मोबाइल, चार्जर, इलेक्ट्रिक पलंगाची वायर दूर करावी. ५० हर्ट्झचा नॉच फिल्टर लावून मोकळं व्हायचा मोह टाळावा, त्यानं तरंगाचा आकार बदलतो. बहुतेक वेळा दोष सुकलेल्या जेलमध्ये किंवा सैल ग्राउंडमध्ये सापडतो.

मीडियन मोटर, पायरीपायरीनं

१. रुग्णाला आडवं झोपवून हात तळवा वर करून, सैल ठेवावा. कातडी स्पिरिटनं पुसून कोरडी करावी.

२. ॲक्टिव्ह इलेक्ट्रोड अंगठ्याच्या गादीवर, ॲबडक्टर पॉलिसिस ब्रेव्हिसच्या मध्यावर. रेफरन्स अंगठ्याच्या मुळाच्या सांध्यावर. ग्राउंड हाताच्या पाठीवर, करंट देण्याची जागा आणि रेकॉर्डिंग यांच्या मध्ये.

३. ॲक्टिव्ह इलेक्ट्रोडपासून ८ सेंमी मोजून मनगटावर दोन कंडरांच्या मध्ये खूण करावी. स्टिम्युलेटरचा कॅथोड, म्हणजे काळं टोक, नेहमी रेकॉर्डिंगच्या बाजूला. टोकं उलटी पडली तर लेटन्सी विनाकारण लांबते.

४. करंट शून्यापासून हळूहळू वाढवावा, ५ ते १० मिलिअँपिअरच्या टप्प्यांनी. तरंगाची उंची वाढायची थांबली की त्यावर २०-२५ टक्के आणखी. याला सुप्रामॅक्सिमल म्हणतात. रुग्ण कळवळतो म्हणून मध्येच थांबलं तर उंची खोटी कमी येते आणि लेटन्सी खोटी लांबते.

५. तरंग सुरुवातीलाच वर उठायला हवा. आधी खाली जाऊन मग वर गेला, तर ॲक्टिव्ह इलेक्ट्रोड स्नायूच्या योग्य जागी नाही किंवा करंट शेजारच्या नसेला लागतोय. इलेक्ट्रोड अर्धा सेंटिमीटर सरकवून पुन्हा पाहावं.

६. आता कोपराच्या खळगीत, जिथे नाडी लागते तिथेच आतल्या बाजूला, करंट द्यावा. दोन्ही जागांच्या तरंगांचा आकार सारखा दिसला पाहिजे.

७. दोन्ही कॅथोड-खुणांमधलं अंतर टेपनं मोजावं. समजा २३० मिमी. मनगटाची लेटन्सी ३.६ आणि कोपराची ७.८ मिलिसेकंद, फरक ४.२. वेग २३० भागिले ४.२, म्हणजे सुमारे ५५ मीटर प्रति सेकंद.

८. एफ वेव्हसाठी (करंट मज्जारज्जूपर्यंत जाऊन परतल्यावर उशिरा उमटणारा लहान तरंग) स्टिम्युलेटर मनगटावर फिरवून कॅथोड कोपराकडे करावा, दर घराला २०० ते ५०० मायक्रोव्होल्ट ठेवावेत आणि निदान १० वेळा सुप्रामॅक्सिमल करंट द्यावा. सगळ्यात लवकर आलेली एफ वेव्ह मोजायची. येतच नसेल तर रुग्णाला दुसऱ्या हाताची मूठ आवळायला सांगावं.

टेप ताणून धरणं आणि कातडी ओढून मोजणं या दोन बारीक सवयी निकाल बिघडवतात. २३ सेंमीत १ सेंमीची चूक झाली तर वेग जेमतेम २ मीटर प्रति सेकंदानं सरकतो. पण कोपरावरच्या १० सेंमीच्या टप्प्यात तीच चूक थेट १० टक्क्यांची होते. तुकडा जितका आखूड तितकं मोजमाप काटेकोर.

प्रौढांच्या मर्यादा

प्रत्येक लॅबनं आपल्या पद्धतीला जुळणाऱ्या मर्यादा ठरवायच्या असतात. सर्वसाधारणपणे वापरात असलेल्या अशा:

- मीडियन मोटर: लेटन्सी ४.४ मिलिसेकंदांपर्यंत, उंची ४ मिलिव्होल्ट किंवा जास्त, वेग ४९ मीटर प्रति सेकंद किंवा जास्त, एफ वेव्ह ३१ मिलिसेकंदांपर्यंत
- अल्नार मोटर: लेटन्सी ३.३, उंची ६, वेग ४९, एफ वेव्ह ३२
- पेरोनियल मोटर: लेटन्सी ६.५, उंची २, वेग ४४
- टिबियल मोटर: लेटन्सी ५.८, उंची ४, वेग ४१
- मीडियन सेन्सरी (तर्जनी, १३ सेंमी): उंची २० मायक्रोव्होल्ट, वेग ५०
- सुरल (पोटरीमागून बाहेरच्या घोट्याकडे जाणारी नस) सेन्सरी (१४ सेंमी): उंची ६ मायक्रोव्होल्ट

नवजात बाळाच्या नसांचा वेग मोठ्या माणसाच्या निम्मा असतो आणि ३ ते ५ वर्षांपर्यंत तो मोठ्यांइतका होतो. उंच माणसाची एफ वेव्ह उशिरा येते. साठी-सत्तरीपुढे सुरल न मिळणं एकट्यानं आजार ठरत नाही. पाय सुजलेले असतील तर सेन्सरी तरंग हमखास लहान येतो. छापील तक्ता लावण्याआधी वय, उंची आणि सूज या तीन गोष्टी पाहाव्यात.

सेन्सरी तरंग का जपायचा

नव्या माणसाला मोटर तरंग सोपा वाटतो, मोठा आणि ठसठशीत. निदानाला मात्र सेन्सरी तरंगाचं मोल जास्त आहे. संवेदनेच्या पेशी मज्जारज्जूच्या बाहेर, डॉर्सल रूट गँगलियनमध्ये बसलेल्या असतात. मणक्यांमधली गादी सरकून नसेचं मूळ दबलं तर इजा त्या पेशीच्या अलीकडे, मज्जारज्जूच्या बाजूला होते. पेशी आणि तिच्यापासून पुढे हातापायात जाणारा धागा शाबूत राहतो. रुग्ण सांगतो की बोट बधिर आहे, आणि त्याच बोटाचा सेन्सरी तरंग पूर्ण चांगला येतो. ही विसंगती नाही. इजा मुळाशी असल्याची ती खूण आहे. तरंग हरवला असेल तर इजा गँगलियनमध्ये किंवा त्याच्या पुढे, प्लेक्ससमध्ये (नसांच्या जाळ्यात) नाहीतर नसेत.

सुरल घेताना रुग्णाला कुशीवर वळवावं, इलेक्ट्रोड बाहेरच्या घोट्याच्या मागे लावावा आणि १४ सेंमी वर, पोटरीच्या मध्यरेषेच्या किंचित बाहेर करंट द्यावा. तरंग दिसेना तर करंट वाढवत सुटण्याआधी स्टिम्युलेटर आडवा सरकवून पाहावा; नस अर्धा-एक सेंटिमीटर इकडेतिकडे असतेच. करंटचाच धक्का तरंगावर चढत असेल तर कॅथोड जागेवर ठेवून फक्त ॲनोड थोडा फिरवावा, आणि दोन इलेक्ट्रोडमधलं पसरलेलं जेल पुसावं.

कार्पल टनेल

हातात रात्री मुंग्या येऊन झोपमोड होते, हात झटकला की बरं वाटतं, अशी कहाणी असलेल्या रुग्णात नेहमीचे आकडे बऱ्याचदा मर्यादेच्या आत येतात. म्हणून त्याच हातातल्या दोन नसांची तुलना करायची. तळहातातून मनगटापर्यंत ८ सेंमी अंतरावर मीडियन आणि अल्नार दोन्ही घ्याव्यात, मीडियन ०.४ मिलिसेकंद किंवा जास्त मागे असेल तर ती दबलेली आहे. अनामिकेवरही हीच तुलना होते, तिथे फरकाची मर्यादा ०.५ मिलिसेकंद. तोच हात, तेच तापमान, तेच वय, त्यामुळे बाहेरच्या चुका दोन्हीकडे सारख्या पडतात आणि उरतो तो खरा फरक.

पुढे जाण्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात. अल्नारही मंद असेल तर हे नुसतं मनगटाचं दुखणं नाही. मधुमेहासारखी सगळीकडची न्यूरोपथी शोधावी. आणि कोपराजवळ करंट दिल्यावर मीडियनचा तरंग मनगटापेक्षा मोठा आला, किंवा त्याची सुरुवात खाली गेली, तर मार्टिन-ग्रूबर जोडणी आठवावी. पुढच्या हातात मीडियनचे काही धागे अल्नारमध्ये ओलांडून जातात आणि हे १५ ते ३० टक्के लोकांत जन्मतःच असतं. हे ध्यानात नसेल तर अल्नारमध्ये नसलेला कंडक्शन ब्लॉक (करंट वाटेतच अडणं) सापडल्यासारखा वाटतो.

आकड्यांतून आजाराचा साचा

नसेचा आतला धागा मरतो तेव्हा तरंगाची उंची घटते, वेग फारसा नाही. धाग्यावरचं मायेलिनचं वेष्टण खराब होतं तेव्हा वेग घटतो, लेटन्सी लांबते. वेग किमान मर्यादेच्या ७५ टक्क्यांखाली किंवा लेटन्सी कमाल मर्यादेच्या १३० टक्क्यांवर गेली तरच मायेलिनचं दुखणं म्हणावं. त्याच्या अलीकडचा मंदपणा धागे मेल्यानंही येतो.

मधुमेहात सगळ्यात लांब धागे आधी जातात. सुरल लहान होते, मग पेरोनियल, आणि हातांची पाळी उशिरा येते. पण तळपायाची आग होते आणि एनसीव्ही मात्र निर्दोष, असे रुग्णही रोज येतात. एनसीव्हीला फक्त जाड, वेगवान धागे दिसतात. आग, दुखणं, गरम-थंड कळणं हे बारीक धाग्यांचं काम आहे, आणि ते या तपासणीत दिसतच नाहीत. अशा रुग्णाला ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ असं सांगणं अन्यायाचं आहे. रिपोर्टमध्ये ‘जाड धागे नॉर्मल, स्मॉल फायबर न्यूरोपथी यानं नाकारता येत नाही’ असं स्पष्ट लिहावं.

गियाँ-बारेत पहिल्या आठवड्यात चित्र अर्धवट असतं. एच रिफ्लेक्स (घोट्याच्या रिफ्लेक्सचंच करंट देऊन घेतलेलं रूप) नाहीसा, एफ वेव्ह लांबलेली किंवा गायब, बाकी आकडे जवळपास ठीक, असं बरेचदा दिसतं. हातातली मीडियन सेन्सरी बिघडलेली पण पायातली सुरल शाबूत, हा नमुना फार बोलका. मधुमेहात नेमकं उलटं असतं. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात या आजाराचे दोनशेहून अधिक संशयित रुग्ण आढळले आणि काहींच्या शौचाच्या नमुन्यात कॅम्पायलोबॅक्टर जिवाणू सापडला. या जिवाणूनंतर धाग्यावरच घाला घालणारा प्रकारही दिसतो: मोटर उंची खाली, लेटन्सी ठीक, सेन्सरी पूर्ण चांगली. पहिली तपासणी नॉर्मल आली म्हणून उपचार थांबवायचे नाहीत. एक-दोन आठवड्यांनी तीच तपासणी पुन्हा करावी.

कुष्ठरोग महाराष्ट्रात, विशेषतः पूर्व विदर्भात, अजून दिसतो आणि न्यूरोपथीच्या यादीत तो वरच ठेवावा. इथे नसा एकसारख्या जात नाहीत. उजवी अल्नार, डावी पेरोनियल, मनगटावरची रेडियलची संवेदना शाखा, अशी मधूनमधून पडझड होते आणि शेजारची नस ठणठणीत असते. अल्नार नस कोपराच्या हाडापेक्षा बरीच वर, दंडाच्या खालच्या भागात जाड होते. कोपर ७० ते ९० अंशांत वाकवून, खाली-वर मिळून १० सेंमीचा नेहमीचा टप्पा घेतला तर खरी जागा त्याच्या बाहेर राहू शकते. म्हणून काखेत आणखी एक करंट द्यावा. कुष्ठरोगाचं निदान एनसीव्ही करत नाही. ती कोणती नस किती बिघडली हे दाखवते. चट्टा, जाड नस आणि स्किन स्मिअर (कातडीतले जंतू पाहण्याची चाचणी) हे निदान करतात. उपचार चालू असताना नव्यानं कमी होणारी ताकद वेळीच पकडायला मात्र हीच तपासणी कामाला येते.

पाऊल लुळं पडलं तर

खुरपणी, भातलावणी करताना तासन्‌तास उकिडवं बसल्यानंतर किंवा वजन झपाट्यानं उतरल्यावर पाऊल उचलेनासं होतं. प्रश्न एकच: गुडघ्याशी पेरोनियल दबली, की कंबरेत एल-५ (पाचव्या कंबर-मणक्याशी निघणारं) नसेचं मूळ?

आधी पेरोनियल मोटर घ्यावी, पण पावलावरच्या लहान स्नायूवर भिस्त ठेवू नये. अनवाणी किंवा घट्ट चपलांत वावरणाऱ्यांत तो एरवीही सुकलेला असतो. इलेक्ट्रोड नडगीच्या टिबियालिस अँटिरियरवर लावून फिब्युलाच्या मानेखाली आणि गुडघ्यामागे करंट द्यावा. वरचा तरंग खालच्यापेक्षा निम्म्याहून लहान झाला तर ब्लॉक तिथेच आहे, आणि हा ब्लॉक बहुतेक वेळा आठवड्यांत सुटतो. मग सुपरफिशियल पेरोनियल सेन्सरी पाहावी. ती चांगली असेल तर मूळ किंवा निव्वळ ब्लॉक, हरवली असेल तर नसेचे धागे मेले आहेत.

शेवटी सुई. टिबियालिस पोस्टिरियर हा पाऊल आत वळवणारा स्नायू एल-५ चा, पण नस टिबियल; त्यात फिब्रिलेशन्स असतील तर दोष पेरोनियलच्या पलीकडचा. ग्लुटियस मिडियस आणि मणक्यालगतचे स्नायूही बिघडलेले असतील तर मुळाकडे बोट जातं. मांडीमागच्या बायसेप्सचं आखूड डोकं गुडघ्याच्या वर पेरोनियल भागातून पुरवठा घेतं. ते बिघडलं तर इजा गुडघ्याच्या वर, सायटिकमध्ये शोधावी.

सुई घालताना

सुई एकदाच वापरायची, डिस्पोझेबल. वॉरफरिनवर असलेल्याचा आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं माप) आधी पाहावा, प्लेटलेट ५० हजारांखाली असतील तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय सुई घालू नये. छातीजवळच्या स्नायूंत फुप्फुसाला टोचण्याचा धोका असतो. सीके (स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं द्रव्य) रक्तचाचणी ईएमजीच्या आधी करून घ्यावी, नंतर ती खोटी वाढते. स्नायूची बायोप्सी लागणार असेल तर सुई एका बाजूला आणि बायोप्सी दुसऱ्या बाजूच्या त्याच स्नायूची.

फिल्टर १० किंवा २० हर्ट्झ ते १० किलोहर्ट्झ, दर घराला ५० ते १०० मायक्रोव्होल्ट. स्नायू पूर्ण सैल करून चार दिशांना सुई थोडी थोडी सरकवावी आणि कान स्पीकरकडे ठेवावा. फिब्रिलेशनचा आवाज पत्र्यावर पडणाऱ्या पावसाच्या थेंबांसारखा आणि तालात असतो. नवा माणूस सर्वाधिक फसतो तो एंडप्लेटच्या (नस स्नायूला जिथे मिळते त्या जागेच्या) आवाजाला: तो वेडावाकडा, बेताल असतो, तरंगाची सुरुवात वर होते आणि रुग्णाला तिथे खोल कळ येते. सुई किंचित मागे घेतली की तो जातो.

मग हलका जोर लावायला सांगून मोटर युनिट (एक चेतापेशी आणि तिचे स्नायूतंतू यांचे तरंग) पाहावेत. साधारण ५ ते १५ मिलिसेकंद रुंद आणि चारपेक्षा जास्त फेज (वर-खाली वळणं) नसलेले ते नॉर्मल. रुंद, उंच आणि मोजकेच पण भराभर येणारे युनिट नसेचं जुनं दुखणं सांगतात. अरुंद, बुटके आणि थोड्या जोरातच गर्दी करणारे युनिट स्नायूचं. युनिट नॉर्मल, संख्या कमी आणि वेगही मंद असेल तर रुग्ण दुखण्यामुळे जोर लावत नाही किंवा दोष मेंदूत-मज्जारज्जूत आहे.

मायस्थेनियासाठी रिपिटेटिव्ह तपासणी

३ हर्ट्झनं ५ ते १० करंट द्यावेत आणि पहिल्या तरंगाची चौथ्या-पाचव्याशी तुलना करावी. १० टक्क्यांहून जास्त घसरण विकृत. हात पट्ट्यानं बांधून, कातडी ३३ अंशांच्या वर ठेवून करावं. गारठ्यात मायस्थेनिया लपतो. करंगळीच्या स्नायूत काही मिळालं नाही तर ट्रॅपेझियस आणि मग चेहऱ्याचा नेझॅलिस. घसरण दिसेना तर एक मिनिट जोर लावायला सांगून पुढची ४ मिनिटं दर मिनिटाला पुन्हा पाहावं. घसरण सलग उतरती असते. मध्येच एक तरंग अचानक बुटका आला तर हात हलला आहे, पुन्हा करावं. फक्त डोळ्यांना त्रास असलेल्या रुग्णात ही तपासणी बरेचदा नॉर्मल येते. तिथे सिंगल फायबर ईएमजी जास्त पकडते.

पहिलाच तरंग लहान असेल तर १० सेकंद जोर लावायला लावून लगेच एक करंट द्यावा. तरंग दुपटीनं वाढला तर लँबर्ट-ईटन सिंड्रोमचा (नस आणि स्नायूच्या जोडातला, कधी फुप्फुसाच्या कर्करोगासोबत येणारा आजार) विचार करावा आणि फुप्फुसाच्या गाठीसाठी छातीचा सीटी सुचवावा.

रिपोर्ट

पहिल्या ओळीत विचारलेला प्रश्न. मग कातडीचं तापमान, वय, उंची, त्रास सुरू झाल्यापासूनचे दिवस. आकड्यांसोबत तरंगांची चित्रं जोडावीत, म्हणजे दुसऱ्या लॅबला जुन्या तरंगाशी तुलना करता येते. निष्कर्षात जागा, कोणते धागे, मायेलिन की धागा, तीव्रता आणि जुनं की नवं हे सांगावं: ‘उजव्या मनगटापाशी मीडियन नस दबलेली, मध्यम तीव्रता, मोटर धागे शाबूत’. जे पाहिलं नाही तेही लिहावं. रुग्णानं सुई नाकारली असेल तर तसं. नॉर्मल आलेल्या लवकरच्या तपासणीखाली ‘३ आठवड्यांनी ईएमजी पुन्हा करावी’ असं लिहून ती तारीख रुग्णाला मराठीत समजावून, चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून द्यावी.